आईने प्रार्थना थांबवली तो हंगाम

यंदा गंधकाचा वास फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातच आला. मी शिकवते ती शाळा सुटल्यावर चालत घरी येत होते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळ्या सोडलेल्या होत्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत क्रेट रचलेले, क्रेटांत द्राक्षांचे घड आणि घडांवर मधमाश्या. बाया डोक्याला पदर गुंडाळून घड द्रावणात बुडवत होत्या आणि तारेच्या जाळीवर पसरत होत्या. चौदा-पंधरा दिवसांत ती हिरवी द्राक्षं सुकतात, मग त्यांना पिवळा रंग चढावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो धूर संध्याकाळच्या गार हवेत खाली बसतो आणि गल्लीगल्लीत शिरतो. बाहेरगावच्या माणसांना त्याने खोकला येतो. मला आई आठवते, आणि ती आठवण सुखाची नाही.

माझी आई, विमल, मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होती. वडील आम्ही लहान असतानाच गेले. मी आणि माझा धाकटा भाऊ प्रमोद दवाखान्यामागच्या क्वार्टर्समध्ये वाढलो. फिनेलचा वास, पांढऱ्या साडीला दिलेली कडक खळ आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत आईचा खडा आवाज, एवढ्यावर आमचं बालपण उभं होतं. ती ड्युटी संपवून आली की चहाच्या आधी प्रार्थना व्हायची. प्रार्थनेत ती देवाशी एखाद्या डॉक्टरशी बोलावं तसं बोले, आदराने पण मुद्द्याचं. पेशंटचं नाव, खाट कुठली, काय हवं आहे. मग आमेन, मग चहा.

चर्चच्या मंडळीत तिला मान होता. महिला मंडळ तीच चालवायची. कुणी आजारी पडलं, कुणाचं माणूस गेलं की पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, आधी आई पोचलेली असायची. रडणाऱ्या बाईचा हात हातात घेऊन ती म्हणायची, "रडायचं नाही. त्याची योजना असते. आपल्याला आत्ता दिसत नाही एवढंच." हे ती इतक्या खात्रीने म्हणे की बाई खरंच रडायची थांबत असे. लहानपणी मला वाटायचं, आईला ती योजना कुणीतरी आधीच दाखवलेली आहे.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन आमच्या चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा उद्गार दरवर्षी आईकडे असे. तो, ज्यात येशू बापाला विचारतो की मला का सोडलंस. सगळ्यांत अवघड उद्गार, म्हणून तो आईला. ती तो सोडवून दाखवायची. म्हणायची, तो निराशेने ओरडला नाही, त्या घटकेलाही तो जुनं स्तोत्र म्हणत होता, वेदनेतसुद्धा तोंडात वचनच होतं. बाहेर उन्हाचा फुफाटा, आत पंखे कुरकुरताहेत, आणि बाया पदराने मान पुसत माना डोलावताहेत.

एस्तेर मावशी त्या बायांत पुढच्या बाकावर असायची. ती आईची मैत्रीण. दोघी एकत्र नर्सिंग शिकल्या, एकाच दवाखान्यात लागल्या, शेजारशेजारच्या क्वार्टर्समध्ये राहिल्या. मावशीचा मुलगा शमू माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी तिसरीत असताना त्याला मेंदूज्वर झाला आणि आईच्याच वॉर्डात तो गेला. आई त्या दिवशी ड्युटीवर होती. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून व्हरांड्यात उभी होते. मावशी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि तिच्या घशातून माणसाचा वाटत नाही असा आवाज येत होता. आईने तिला दंडाला धरून उठवलं. म्हणाली, "एस्तेर, लोक बघताहेत. देवाला तो आपल्यापेक्षा जास्त हवा होता." मावशीचा आवाज बंद झाला. पुढच्या रविवारी आईने तिला चर्चला आणलं आणि गायनाच्या रांगेत उभं केलं. मावशी गायली. मंडळीत कित्येक वर्षं त्या रविवारचं कौतुक होत राहिलं. विश्वास असावा तर असा.

निवृत्त झाल्यावर आई माझ्याकडे तासगावला राहायला आली. आमच्या घराच्या मागे तात्यांची शेड आहे. तात्या म्हणजे आमचे शेजारी, द्राक्षबागायतदार. पुढे एका फेब्रुवारीत शेडमध्ये पहिली द्राक्षं पसरली जात होती, तेव्हा एका सकाळी आई आरशासमोर उभी राहून डोळ्यांची खालची पापणी ओढून बघत होती. मग तिने बोटांनी स्वतःचं पोट दाबून पाहिलं, बरगडीच्या खाली, जसं ती पेशंटचं पाहत असे.

"सुनू," ती मला म्हणाली, "दुखत नाही आणि पिवळं होतंय. हे पित्ताच्या खड्याचं नाही."

तिला कळलं होतं. सांगलीच्या डॉक्टरांनी स्कॅन करून तेच सांगितलं. स्वादुपिंडात गाठ होती, पित्ताची नळी दाबत होती, आणि ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलत होते. आई म्हणाली, "माझ्याकडे बघून सांगा. मी असे निरोप पुष्कळ दिलेत."

मग खाज सुरू झाली. कावीळ अशी अडली की अंगभर खाज सुटते, हे मला माहीत नव्हतं. दुखणं माणूस दात आवळून सोसतो. खाजेपुढे दात आवळता येत नाहीत. आई तळहात खाटेच्या कडेला घासायची, पाय एकमेकांवर घासायची, पाठ दाराच्या चौकटीला. नखं मी मुळापासून कापली, तर ती कंगव्याने खाजवायला लागली. तिच्या दंडांवर रक्ताच्या बारीक रेघा उमटल्या. मी कधी आईसारखी प्रार्थना करणारी नव्हते. देवाशी माझं नातं लांबच्या नातेवाइकासारखं होतं, भेट झाली की बरं वाटायचं, एरवी विसर. पण त्या दिवसांत पोळ्या लाटताना मी मागायला लागले. बरं करणं मी मागितलं नाही, तेवढी छाती नव्हती. म्हटलं, गाठ राहू दे, फक्त खाज थांबव.

खाज थांबली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून नळी घातली, पित्ताला वाट मिळाली आणि आठवड्याभरात आईचे डोळे पांढरे झाले. ती जेवायला लागली. अंगणात खुर्ची टाकून उन्हात बसायला लागली.

प्रमोद साताऱ्याला असतो. त्याचं तिथे विजेच्या सामानाचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी त्याने आमचं जुनं चर्च सोडलं आणि हायवेजवळच्या एका नव्या प्रार्थना सभेत जायला लागला. तिथे आजार बरे होतात असं तो म्हणे. नळी घातल्यानंतरच्या रविवारी तो त्या सभेच्या प्रचारकांना घेऊन आला. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने हुकूम सोडला, गाठ विरघळली आहे. प्रमोद गुडघ्यांवर बसून रडत होता. आईने डोळे मिटून आमेन म्हटलं. ती नर्स होती, डोळे कशाने पांढरे झाले हे तिला ठाऊक होतं. पण तिला जगायचं होतं.

तिला साक्ष द्यायला, म्हणजे बरं झाल्याचं सभेत सांगायला, साताऱ्याला बोलावलं. मी सोबत गेले. पत्र्याचा मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, खिडकीतून अजिंक्यताऱ्याचा उतार दिसत होता. आई माइकसमोर उभी राहिली, निळ्या काठांची पांढरी साडी नेसून, आणि म्हणाली की प्रभूने मला स्पर्श केला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कुणीतरी मोबाइलवर सगळं टिपलं. परतताना कराडला आम्ही चहाला थांबलो. आईने आख्खं केळं खाल्लं आणि दुसरं मागितलं. कृष्णेच्या पुलावरून गाडी जाताना ती गुणगुणत होती. मी खिडकीशी बसले होते आणि माझाही विश्वास बसत चालला होता. त्या तासा-दीड तासाइतकी सुखी मी पुन्हा झालेले नाही, आणि त्या सुखाची आठवण मला आज सगळ्यात जास्त जाळते.

मार्च अर्धा सरला. तात्यांच्या शेडमध्ये खालच्या जाळ्यांवरची द्राक्षं सुरकुतून पिवळी झाली होती. आई अंगणात बसून मेथी निवडत होती. निवडता निवडता तिने डावा तळहात परातीच्या कडेला घासला. थांबली. पुन्हा घासला. मग तिने हात उन्हात धरून पाहिला, बराच वेळ. मी दारातून बघत होते. मेथी सगळी निवडून झाली, देठं गोळा झाली. संध्याकाळी घरातल्या प्रार्थनेसाठी आम्ही दोघी बसलो तेव्हा ती म्हणाली, "तू कर." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्या खोलीत नको करू."

एवढंच. एवढ्या वर्षांची प्रार्थना एखादा नळ बंद करावा तशी तिने बंद केली. मला राग येईल, रडू येईल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मला भीती वाटली. घरातलं एक माणूस देवाशी बोलत आहे याची मला सवय होती. ते बोलणं थांबलं तर घरात कुणीच शिल्लक राहत नव्हतं.

गाठ वाढून नळी पुन्हा अडली होती. डॉक्टर म्हणाले, आता पुन्हा घालण्यात अर्थ नाही. दुखणंही आलं, पाठीत रुतणारं. त्यांनी कातडीवर लावायच्या वेदनाशामक पट्ट्या दिल्या. साताऱ्याला ही बातमी गेली तेव्हा ब्रदरनी प्रमोदला सांगितलं की घरात कुणीतरी शंका घेतली असणार, किंवा आईने एखादं पाप लपवलं असणार. तिने पट्टी काढून टाकावी आणि मोठ्याने म्हणावं की मी बरी झाले आहे, म्हणजे देवाचं वचन पुरं होईल. प्रमोद हे सांगायला स्वतः आला. तो वाईट मुलगा नाही. त्या आठवड्यात तो उपवास करत होता, गालफडं बसली होती. आईच्या खाटेशी बसून त्याने तिचे पाय धरले आणि फक्त एकदा म्हण, एकदा म्हण, असं विनवत राहिला.

आई त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे तेव्हा हळदीसारखे झाले होते.

"पम्या," ती म्हणाली, "तू माझ्यासाठी मागत नाहीस. त्या हॉलात तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मागतोस."

तो उठला आणि मागच्या दाराने शेडकडे गेला. मी त्याच्या मागे गेले. तो जाळ्यांच्या रांगेत उभा राहून, पिवळ्या बेदाण्यांवर हात ठेवून, हमसून हमसून रडत होता. कामाच्या बाया आपापलं काम करत राहिल्या, बघितलं नाही असं दाखवत. तात्या पलीकडे धुरीची तयारी करत होते. ते आले, प्रमोदच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून दबक्या आवाजात म्हणाले, "आवं बाई, सिस्टरास्नी धुराचा तरास हुतोय का? हुत आसंल तर आज धुरी ऱ्हाऊ देतो." मी आईला जाऊन विचारलं. ती म्हणाली, लावू दे धुरी, त्याचा माल काळा पडेल. मुलाशी असं बोलल्यावर पाच मिनिटांनी तिला तात्यांच्या बेदाण्याची काळजी होती. तेव्हा मला ते निर्दय वाटलं होतं. आता वाटतं, जिथे काही करता येण्यासारखं होतं तेवढ्याच गोष्टीविषयी ती बोलत होती.

मग आमच्या मिरजेच्या मंडळीचे पाळकसाहेब आले. तरुण होते, नुकतेच बदलून आलेले, हातात आजाऱ्याच्या कपाळाला लावायच्या तेलाची छोटी बाटली. आईने त्यांची नीट चौकशी केली. लग्न झालंय का, मुलं किती, झोप होते का. त्यांना वाटलं, जमलं. त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली तेव्हा आई म्हणाली, "पाळकसाहेब, डोळे उघडे ठेवून करा. माझ्याकडे बघत करा."

त्यांनी डोळे उघडले. आईने चादर बाजूला केली होती. हाडांवर ताणलेली पिवळी कातडी, ओरबाडलेल्या मांड्या, फुगलेलं पोट. त्यांनी दोन-तीन वेळा सुरुवात केली. प्रत्येक वाक्य कृपा या शब्दापाशी यायचं आणि थांबायचं. शेवटी त्यांनी बाटली खिशात घातली, तिच्या कपाळाला हात लावला आणि निघाले. दारात मी त्यांची माफी मागितली. त्या दिवशी मी आईचा मनापासून तिरस्कार केला. आजारी माणसाला आपलं दुःख सोसण्याचा हक्क असतो, पण दुसऱ्याच्या हातातली काठी हिसकावायचा हक्क तिला कुणी दिला होता?

एस्तेर मावशी मिरजेहून एसटीने आली ती त्यानंतरच्या आठवड्यात. दुपारचं ऊन डोक्यावर, हातात पिशवी, पिशवीत जुन्या मऊ साड्यांच्या घड्या. तिने विचारपूस केली नाही. माठातलं पाणी घेतलं, साडीची पट्टी भिजवली आणि आईच्या हातांवर ठेवायला सुरुवात केली. एक सुकली की दुसरी. नर्सलाच जमतं अशा हलक्या हाताने, न घासता, न दाबता. मी चहा घेऊन दारात आले आणि तिथेच थांबले, कारण आई बोलत होती.

"शमू गेला तेव्हा मी तुला काय म्हटलं होतं, आठवतं?"

"आठवतं."

"तुला काय वाटलं होतं?"

मावशीने पट्टी पिळली. "तुझ्या तोंडात मारावीशी वाटली होती."

"मग मारली का नाहीस?"

"तू ड्युटीवर होतीस."

आई हसली. किती आठवड्यांनी हसली होती. हसताना पोट दुखलं म्हणून तिने चादर मुठीत धरली. मावशीने सुकलेली पट्टी काढून दुसरी ठेवली. मला वाटलं संपलं, मी पाऊल टाकलं, तेवढ्यात आई म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना करशील?"

पाळकांना, पोटच्या मुलाला जे तिने करू दिलं नाही, ते ती मागत होती. आवाजात खोडसाळपणा नव्हता. लहान मुलीसारखा आवाज होता.

"नाही," मावशी म्हणाली.

"का?"

"शमूच्या वेळी मी मागून बघितलं. त्यानंतर देवाकडे काही मागितलं नाही. चर्चला येते, गाते, आमेन म्हणते. मागत नाही." ती पुढची पट्टी भिजवत होती, मान खाली होती. "आणि तुझ्यासाठी मागितलं आणि त्याने दिलं, तर विमल, मी त्याला कधीच माफ करणार नाही. तुलासुद्धा नाही."

मी चहाचे कप तसेच परत स्वयंपाकघरात नेले. मरणाऱ्या मैत्रिणीला कुणी असं बोलतं? आत जाऊन मावशीला घराबाहेर काढावं असं वाटत होतं. थोड्या वेळाने आत गेले तेव्हा आई झोपली होती, दिवसा, न खाजवता. मावशी तिच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसली होती. जागी झाल्यावर आई मला म्हणाली, "ही एकटीच खरं बोलली. हिला येत जा म्हणावं." मावशी येत राहिली. दोघी दवाखान्याच्या गोष्टी करत, कुठल्या डॉक्टरचा हात हलका, कुठली मेट्रन खाष्ट. देवाचं नाव निघत नसे.

उत्तम शुक्रवारी मी घरीच थांबले. दुपारी बारा वाजून गेल्यावर आईने विचारलं की चौथा उद्गार या वर्षी कोणाकडे आहे. मी सांगितलं, पाळकबाईंकडे. ती छताकडे बघत राहिली. बाहेर शेडमध्ये बेदाणा चाळायचं यंत्र सुरू होतं, त्याचा खडखडाट खोलीत भरला होता.

"मी लोकांना सांगायचे, तो स्तोत्र म्हणत होता," ती म्हणाली. "स्तोत्र नव्हता म्हणत तो, सुनू."

शुद्धीत ती देवाविषयी जे काही बोलली त्यातलं हे शेवटचं. मी ते अनेकदा उलटसुलट करून पाहिलं आहे. कधी ते वाक्य मला पूर्ण अविश्वासाचं वाटतं. कधी वाटतं, इतकी वर्षं त्या उद्गारावर बोलून तिला तो त्या दुपारी पहिल्यांदा ऐकू आला, आणि वधस्तंभावरच्या माणसाच्या इतक्या जवळ ती आधी कधी गेली नव्हती. मला नक्की सांगता येत नाही. ज्यांना नक्की सांगता येतं अशा माणसांवर माझा आता विश्वास नाही.

ईस्टरच्या सकाळी ती बरळायला लागली. यकृत थकलं की रक्तातलं विष मेंदूत चढतं, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. तिला वाटत होतं ती वॉर्डात आहे. ती हवेत हात करून चादरी नीट करायची, न दिसणाऱ्या बाटल्यांचे थेंब मोजायची. आणि मग बोलायची, तिच्या जुन्या, खड्या, खात्रीच्या आवाजात. "रडायचं नाही बाई. त्याची योजना असते." कुणाला तरी सांगायची, "देवाला तो जास्त हवा होता." दिवसभर, पुन्हा पुन्हा. एस्तेर मावशी उशाशी बसून ऐकत होती. तिचा चेहरा दगडासारखा होता, हात मात्र पट्ट्या बदलत राहिले.

प्रमोद साताऱ्याहून आला आणि ते ऐकून त्याचा चेहरा उजळला. आई परत आली, तो म्हणाला, आईचा विश्वास परत आला. त्याने तिचा आवाज मोबाइलवर टिपून घेतला. मी त्याला म्हटलं, अरे, हे आजाराचं बोलणं आहे. तो म्हणाला, मग त्याआधीचं बोलणं कशाचं होतं? मी ते आजही स्वतःला विचारते. आयुष्यभर जी वाक्यं तिने म्हटली ती खरी होती की शेवटच्या महिन्यातली? की वाक्यं हातापायांसारखीच असतात, सवयीने हलतात, आत कोणी असो वा नसो?

ईस्टरनंतरच्या मंगळवारी सकाळी ती गेली. सोपं मरण नव्हतं. त्याविषयी मी एवढंच लिहीन की मावशीने मला खोलीबाहेर काढलं आणि शेवटचं सगळं तिने पुसलं, धुतलं. आत बोलावलं तेव्हा आई स्वच्छ होती, केसांचा अंबाडा घातलेला होता.

दफन मिरजेला झालं. मंडळी खूप जमली होती. तासगावहून तात्या टोपी हातात घेऊन आले होते. पाळकसाहेबांनी कबरीपाशी उपदेश केला. प्रमोदने त्यांना ते रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. ते म्हणाले, आपली विमलताई शेवटच्या श्वासापर्यंत इतरांना धीर देत राहिली, परीक्षेची घडी आली पण विश्वास डळमळला नाही. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. त्यांना त्या खाटेपासून सुटका हवी होती आणि आईच्याच वाक्यांनी ती दिली होती.

शेवटी त्यांनी सांगितलं की विमलताईंच्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीने, एस्तेरबाईंनी, समाप्तीची प्रार्थना करावी.

मावशी पुढे आली. शवपेटी खाली उतरली होती. तिने डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. कबरीकडे बघत, कुणाशी तरी ठरवून बोलावं अशा साध्या आवाजात ती म्हणाली, "हिला काही विचारू नकोस. हिने तुझ्या वतीने पुष्कळ उत्तरं दिली. आता तू दे."

आणि ती मागे सरली. आमेन ती म्हणाली नाही, म्हणून बाकीच्यांनाही म्हणता येईना. कोणाला कुठे बघावं कळत नव्हतं. मग पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सुरू केलं आणि लोक मूठमूठ माती टाकायला पुढे झाले. प्रमोदने त्या दिवसापासून मावशीशी बोलणं टाकलं. बाया म्हणाल्या, वयामुळे डोकं चालत नाही हो तिचं. मंडळीत त्यानंतर तिला कुणी प्रार्थना करायला सांगितलं नाही. ती रविवारी येते, पुढच्या बाकावर बसते, सगळी गाणी म्हणते.

परवा मी मिरजेला गेले होते तेव्हा तिच्याकडे चहाला थांबले. मावशी आता फार थकली आहे, घरातही काठी घेऊन चालते. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी तिला विचारून टाकलं. आई जिवंत असताना प्रार्थना करायला नाही म्हणालीस, मग त्या दिवशी का केलीस?

"तिने मागितली होती," मावशी म्हणाली. "जिवंत होती तोवर मला भीती होती, तो ऐकेल. मेल्यावर ती भीती राहिली नाही."

मी विचारलं, मग उत्तर मिळालं का?

तिने बशीत चहा ओतला, फुंकर मारली, प्यायला. "माझं वय बघ," ती म्हणाली. "आता थोडं राहिलंय. समोरासमोरच विचारीन."